अभिजात कादंबरी करमणुकीसाठी कशी निवडावी

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात एक साप्ताहिक सुरू केले आणि त्याचे नाव सरळ 'करमणूक' असे ठेवले. आज अभ्यासक्रमात टीपा आणि दीर्घोत्तरी प्रश्नांसह भेटणारी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्या साप्ताहिकाच्या वाचकांना हप्त्याहप्त्याने मिळत होती. त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, १८४४ ते १८४६ या काळात, पॅरिसच्या एका दैनिकात अलेक्झांडर ड्यूमा याची 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' अशीच क्रमशः छापली जात होती आणि लोक पुढच्या हप्त्याची वाट पाहत होते. ज्या पुस्तकांना आपण पुढे 'अभिजात' म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवले, त्यांतली बरीच पुस्तके मुळात अंक खपावा आणि वाचक खिळून राहावा या हिशोबाने लिहिलेली होती.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याला ही पुस्तके परीक्षेसाठी किंवा व्यासंगासाठी नव्हे, तर निव्वळ मजेसाठी वाचायची आहेत, आणि ज्याने यापूर्वी एखाद्या 'सर्वश्रेष्ठ शंभर कादंबऱ्या' छापाच्या यादीतले पहिले नाव उचलून साठाव्या पानावर हात टेकले आहेत. त्या अपयशात वाचकाचा दोष क्वचितच असतो. श्रेष्ठत्वाची यादी पुस्तकाचे साहित्यातील स्थान सांगते, पण रात्री साडेदहाला पान उलटण्याची ओढ ते लावील की नाही हे सांगत नाही. म्हणून निवड निराळ्या खुणांवरून करावी लागते, आणि त्या खुणा पुस्तक विकत घेण्यापूर्वी तपासता येतात.

पहिली पायरी: आपल्याला कशाची ओढ लागते ते ठरवावे

आपण अर्ध्यात सोडू शकलो नाही असे शेवटचे दोन-तीन चित्रपट किंवा वेबमालिका आठवाव्यात आणि त्यांत आपल्याला नेमके काय धरून ठेवत होते ते स्वतःशी एका शब्दात सांगावे. तो शब्द सूड असेल तर 'मॉन्टे क्रिस्टो'. चोरीचा किंवा खुनाचा छडा असेल तर विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' किंवा आर्थर कॉनन डॉइलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. घड्याळाशी शर्यत असेल तर ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा. भय असेल तर ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला'. आणि गड, तलवारी व निष्ठा असतील तर एकीकडे ड्यूमाचीच 'द थ्री मस्केटिअर्स' आणि दुसरीकडे आपट्यांची 'उषःकाल' किंवा विजयनगरच्या पाडावावरची 'वज्राघात'. लग्न कोणाचे कोणाशी ठरणार हीसुद्धा उत्कंठाच आहे, आणि ती लहान समजू नये. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एकही गोळी सुटत नाही, तरी गैरसमज, पत्र आणि नकार यांची गुंफण एखाद्या रहस्यकथेइतकी चोख आहे.

दुसरी पायरी: पुस्तकाची जन्मकथा पाहावी

माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची खूण हीच आहे. कादंबरी प्रथम कोठे आणि कशी प्रसिद्ध झाली हे प्रस्तावनेत, मलपृष्ठावर किंवा विकिपीडियावर दोन मिनिटांत सापडते. ती क्रमशः प्रसिद्ध झाली असेल तर लेखकाला दर हप्त्याच्या शेवटी काहीतरी लोंबकळते ठेवणे भागच होते, आणि ते दीडशे वर्षांनंतरही तितकेच काम करते.

मात्र साप्ताहिक हप्ता आणि मासिक हप्ता यांत मोठा फरक आहे. चार्ल्स डिकन्सच्या बाबतीत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो. त्याची 'ब्लीक हाउस' १८५२-५३ मध्ये मासिक भागांत निघाली. दर भागात भरपूर पाने भरायची असल्यामुळे तिच्यात पात्रांची जत्रा आणि उपकथानकांचे फाटे आहेत. याउलट 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) या त्याच्याच साप्ताहिकात अनुक्रमे ३१ आणि ३६ आठवडे चालल्या. आठवड्याला मोजकी पाने, त्यामुळे पसरायला जागाच नव्हती. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. त्या वेळी साप्ताहिकात दुसऱ्या एका लेखकाची कादंबरी चालू होती आणि तिच्यामुळे खप घसरू लागला होता. तो सावरण्यासाठी डिकन्सने मनात असलेली मोठ्या मासिक कादंबरीची योजना बदलून ही गोष्ट घाईने साप्ताहिकात उतरवली. व्यवसायाच्या गरजेपोटी जन्मलेली ही कादंबरी डिकन्सच्या सर्वांत बांधीव कादंबऱ्यांपैकी एक आहे, आणि डिकन्स प्रथमच वाचणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

ही खूण एकट्याने पुरेशी नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ कादंबऱ्या क्रमशः छापल्या जात होत्या. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च'सुद्धा १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली, आणि ती थोर कादंबरी असली तरी तिचा रस घटनांत नसून माणसांच्या मनांत आहे. म्हणून या पायरीने निवडलेले पुस्तक पुढच्या पायरीवर पारखून घ्यावेच लागते.

तिसरी पायरी: पहिली तीस पाने आणि एक प्रश्न

पुस्तक घेण्यापूर्वी त्याची पहिली तीस पाने वाचावीत. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली इंग्रजी पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्ग या १९७१ पासून चालत आलेल्या उपक्रमाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यामुळे यासाठी खर्च करावा लागत नाही. तीस पाने झाली की पुस्तक मिटून स्वतःला विचारावे: या क्षणी कोणता प्रश्न उघडा आहे? प्रश्न एका वाक्यात सांगता आला, आणि त्याचे उत्तर आपल्याला खरोखर हवे असेल, तर पुस्तक आपल्यासाठी आहे. 'भाषा सुंदर आहे', 'काळाचे चित्रण चांगले आहे' एवढेच सांगता येत असेल, तर ते पुस्तक चांगले असूनही या कामाचे नाही.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'ची सुरुवात पाहा. किनाऱ्यावरच्या एका खानावळीत एक म्हातारा खलाशी उतरतो आणि मालकाच्या मुलाला दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चार पेनी देण्याचे कबूल करतो, कशासाठी, तर एक पाय नसलेला खलाशी कोठे दिसतो का यावर नजर ठेवण्यासाठी. झाले, प्रश्न उघडला. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये तर पहिल्याच प्रकरणात दफनभूमीत एक पळालेला कैदी अनाथ पोराला दटावून कानस आणि खायला आणायला सांगतो. एच. जी. वेल्सच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' (१८९७) मध्ये ऐन बर्फात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला एक अनोळखी पाहुणा खेड्यातल्या खाणावळीत येतो आणि चेहऱ्यावरची पट्टी काही काढत नाही. तो अदृश्य आहे हे शीर्षकानेच सांगून टाकले आहे, तरीही गावकऱ्यांना ते केव्हा आणि कसे कळणार याची मजा उरतेच.

याला एक मोठा अपवाद आहे. 'द मूनस्टोन'मधला हिरा अकराव्या प्रकरणापर्यंत चोरीलाच जात नाही. तोपर्यंत गॅब्रिएल बेटरेज नावाचा वृद्ध कारभारी ऐसपैस गप्पा मारत असतो, आणि कोणत्याही अडचणीत 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून त्यात कौल पाहतो, जसे आपल्याकडे काही घरांत पोथी उघडून पाहत असत. येथे प्रश्न पहिल्या पानांवरच, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातल्या लुटीत, उघडलेला असतो. फक्त त्याला पेटायला वेळ लागतो. बेटरेजचा स्वभाव आवडला तर थांबावे, नाही तर हे पुस्तक नंतरसाठी ठेवावे. पुढे निवेदक बदलत जातात आणि प्रत्येकजण आपल्याला ठाऊक तेवढेच सांगतो, ही त्या कादंबरीची खरी गंमत आहे.

शेरलॉक होम्सच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. बहुतेक जण क्रमाने वाचावे म्हणून 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) या पहिल्या कादंबरीला हात घालतात, आणि तिचा दुसरा भाग सुरू होताच गोंधळतात, कारण कथा अचानक लंडन सोडून अमेरिकेच्या वाळवंटात जाते आणि सलग पाच प्रकरणे होम्सचा पत्ताच नसतो. त्यापेक्षा बारा कथांचा पहिला संग्रह किंवा 'बास्करव्हिल्स' आधी वाचावे. मराठीत वाचायचे असल्यास भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणलेलाच आहे.

चौथी पायरी: आवृत्ती, आणि येथेच सर्वाधिक फसगत होते

शाळेत असताना मी एका वाचनालयातून 'मॉन्टे क्रिस्टो'चे मराठी पुस्तक आणले होते. ते जेमतेम दोनशे पानांचे होते, मला अतिशय आवडले होते, आणि पुढची दहा-बारा वर्षे मी ती कादंबरी वाचली आहे असे सर्वांना सांगत होतो. मूळ कादंबरी ११७ प्रकरणांची असून इंग्रजीत ती बाराशे पानांच्या आसपास भरते हे नंतर कळले. मी वाचला होता तो कथेचा सांगाडा होता. त्यात तुरुंग होता, खजिना होता, पण सूडाची जी संथ, थंड बुद्धिबळाची चाल हे त्या कादंबरीचे खरे सुख आहे, तीच गाळलेली होती. त्या पुस्तकावर 'संक्षिप्त' हा शब्द कोठेही नव्हता.

यावर एक साधा उपाय आहे. मूळ कादंबरीच्या प्रकरणांची संख्या माहीत करून घ्यावी आणि हातातल्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ताडून पाहावी. 'ट्रेझर आयलंड'ची ३४ प्रकरणे आहेत, व्हर्नच्या ऐंशी दिवसांची ३७, 'ड्रॅक्युला'ची २७, 'बास्करव्हिल्स'ची १५, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ची ५९, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची ६१. एखाददुसऱ्या प्रकरणाचा फरक मांडणीमुळे पडू शकतो. परंतु ५९ च्या जागी १८ दिसली तर काय झाले ते उघड आहे. अनुक्रमणिका नसेल तर पृष्ठसंख्या पाहावी. शीर्षकपानावरचे शब्दही नीट वाचावेत, कारण 'अनुवाद', 'स्वैर अनुवाद', 'रूपांतर' आणि 'आधारित' या शब्दांचे अर्थ निरनिराळे आहेत, आणि प्रामाणिक प्रकाशक ते जपून वापरतो.

संक्षिप्त आवृत्ती वाचूच नये असा माझा आग्रह नाही. लहान मुलांना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न द्यावा; त्यांच्या हातून ज्यूल व्हर्न मराठी घरांतलाच झाला. रूपांतर हीसुद्धा कमी प्रतीची गोष्ट नाही. गो. ना. दातार ऊर्फ दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांचे कथानक घेऊन त्याला इतका देशी पेहराव चढवला, की 'कालिकामूर्ती' किंवा 'बंधुद्वेष' वाचताना मूळ शोधावेसे वाटत नाही. फक्त आपण काय वाचत आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी फ्रेंच आणि रशियन पुस्तकांच्या बाबतीत अनुवादकाचे नाव पाहावे. मोफत मिळणारे अनुवाद बहुधा एकोणिसाव्या शतकातले असतात. त्यांची भाषा जड असते, आणि काही ठिकाणी तत्कालीन सभ्यतेला न रुचणारे भाग सौम्य केलेले असतात. 'मॉन्टे क्रिस्टो'चा १८४६ चा इंग्रजी अनुवाद अजून सर्वत्र छापला जातो. त्याऐवजी रॉबिन बस याचा १९९६ चा अनुवाद घेतला, तर तीच कादंबरी पन्नास वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटते. व्हर्नवर तर फारच अन्याय झाला आहे. 'समुद्राखाली वीस हजार लीग'च्या सुरुवातीच्या इंग्रजी अनुवादात बराच मजकूर कापलेला आणि शास्त्रीय आकडे चुकलेले होते, आणि व्हर्न हा केवळ पोरांचा लेखक आहे हा समज इंग्रजी वाचकांत रुजायला असे अनुवाद बऱ्याच अंशी कारणीभूत झाले.

आणखी एक गोष्ट. अभ्यासकांनी लिहिलेली प्रस्तावना शेवटी वाचावी. ती लिहिणारा वाचकाला शेवट ठाऊक आहे असे गृहीत धरतो आणि खुनी कोण, कोण मरते, कोणाचे लग्न होते हे तिसऱ्याच परिच्छेदात निर्विकारपणे सांगून टाकतो.

पाचवी पायरी: संथ पट्टे आधीच माहीत करून घ्यावेत

घाटातून पहिल्यांदा गाडी नेणाऱ्याला वळणे आधी कळलेली बरी असतात, तसेच येथे आहे. कथानक न फोडता एवढे नक्की सांगता येते की कोठे वेग मंदावतो.

'मॉन्टे क्रिस्टो'चा पहिला चतुर्थांश वाऱ्यासारखा जातो. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी मार्सेलच्या बंदरात जहाज लागते, पाचव्या प्रकरणात मेजवानीतूनच नायकाला अटक होते, आणि मग शातो दिफचा तुरुंग. पण एकतिसाव्या प्रकरणापासून कथा अचानक दोन तरुण फ्रेंच सरदारपुत्रांच्या मागे इटलीत जाते, रोमचा कार्निव्हल आणि दरोडेखोर यांत रमते, आणि नायक हरवला असे वाटू लागते. बरेच वाचक येथे पुस्तक ठेवतात. ठेवू नये. या तरुणांची नावे, त्यांचे आईवडील कोण आणि कोण कोणाचे ऋणी होते एवढे एका कागदावर टिपून ठेवावे. पुढच्या आठशे पानांचा पाया येथेच घातला जात असतो.

याच कादंबरीचा एक धागा गोव्याला जाऊन मिळतो. तुरुंगात नायकाला शिकवणारा विद्वान कैदी आबे फारिया हा ड्यूमाने इटालियन धर्मगुरू म्हणून रंगवला असला, तरी त्याचे नाव एका खऱ्या माणसाचे आहे. जुझे कुस्तोदियु द फारिया हे १७५६ मध्ये बारदेशातल्या कांदोळी येथे जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू होते, पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग करून दाखवले आणि १८१९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहन करत असलेल्या मुद्रेतला त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी किती जणांना ड्यूमा आठवत असेल याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मध्ये (१८६२) नायक ज्याँ व्हालज्याँ येण्यापूर्वी एका सत्पुरुष बिशपचे चौदा प्रकरणांचे वर्णन आहे, आणि दुसऱ्या भागाच्या आरंभी वॉटर्लूच्या लढाईवर एकोणीस प्रकरणे आहेत. करमणुकीसाठी वाचणाऱ्याने पहिल्या वाचनात वॉटर्लू चाळून शेवटच्या प्रकरणावर यावे, कारण कथेला लागणारी घटना त्याच एका प्रकरणात आहे. बिशपची प्रकरणे मात्र गाळू नयेत. चांदीच्या भांड्यांचा पुढचा प्रसंग त्यांच्यावाचून लंगडा पडतो. 'ड्रॅक्युला'ची पहिली चार प्रकरणे म्हणजे किल्ल्यात अडकलेल्या माणसाची रोजनिशी, आणि ती अप्रतिम आहेत. पाचवे आणि सहावे प्रकरण मैत्रिणींच्या पत्रांत आणि रोजनिशीत रेंगाळते, पण सातव्यात किनाऱ्याला लागलेल्या जहाजाची नोंदवही येते आणि पुन्हा अंगावर काटा उभा राहतो.

'मोबी डिक' या यादीत का नाही, असे कोणी विचारील. देवमाशाची शिकार हे कथानक उत्तम असले, तरी १३५ प्रकरणांपैकी पुष्कळ प्रकरणे देवमाशांची वर्गवारी, चरबी आणि दोरखंड यांच्यावर खर्च झाली आहेत. त्यात रमणारे लोक आहेत, परंतु ते गोष्टीसाठी रमत नाहीत.

रशियन कादंबऱ्यांत अडचण वेगाची नसून नावांची असते. दस्तयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) ही खून कोणी केला हे आधीच दाखवून तो पकडला जाईल की नाही यावर खिळवणारी कादंबरी आहे. पण तिच्यातला एकच तरुण कधी रास्कोल्निकोव्ह, कधी रोदिओन रोमानोविच आणि आईच्या तोंडी रोद्या होतो. आपल्याकडेही एकच बाई माहेरी एका नावाने, सासरी दुसऱ्या नावाने आणि शेजारी कोणाची तरी आई म्हणून ओळखली जाते, हे लक्षात ठेवले की सवय लवकर होते. पात्रांची यादी असलेली आवृत्ती मिळाल्यास ती घ्यावी.

सहावी पायरी: जुन्या मराठी कादंबऱ्यांसाठी थोडी वेगळी तयारी

मराठीत कथानकप्रधान कादंबरीचा वारसा लोकांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रा. भि. गुंजीकर यांची गडाभोवती फिरणारी 'मोचनगड' १८७१ ची. त्याही आधी छापील वेताळपंचविशी होती, आणि पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आल्या. त्या शीर्षकातले 'सुरस व चमत्कारिक' हे दोन शब्द म्हणजे वाचकाला दिलेले उघड आमंत्रणच आहे. मात्र आज मनोरंजनासाठी सुरुवात करायची तर 'मुक्तामाला'पासून करू नये. तिची अलंकारिक भाषा आधुनिक वाचकाला दमवते. नाथमाधवांची 'वीरधवल' किंवा आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' घ्यावी. नाथमाधवांकडे मनोविश्लेषण नाही, योगायोग भरपूर आहेत, पण गोष्ट थांबत नाही. त्यानंतर बाबूराव अर्नाळकरांकडे वळायला हरकत नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या झुंजार आणि काळा पहाड यांना अभिजात म्हणावे की नाही हा वाद इतरांवर सोपवावा.

जुन्या प्रतीत पहिला अडथळा शुद्धलेखनाचा येतो. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे, आज उच्चारात नसलेले अनुस्वार जागोजागी दिसतात. पहिले प्रकरण मोठ्याने वाचावे. डोळा अडखळतो तेथे जीभ अडखळत नाही, आणि दुसऱ्या प्रकरणापर्यंत ते टिंब दिसेनासे होते. 'प्रिय वाचकहो' म्हणून लेखक मध्येच उपदेशाला लागला तर ती पाने बिनदिक्कत भराभर उलटावीत.

प्रती मिळवणेही अवघड नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे आपटे (निधन १९१९), नाथमाधव (१९२८) आणि दातार (१९४१) यांचे लेखन आता सर्वांना खुले आहे, आणि जुन्या प्रतींची स्कॅन केलेली पाने इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. अनुवादाचे तसे नाही: ड्यूमा खुला असला तरी कालपरवाच्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे असतो, तो विकत किंवा वाचनालयातूनच घ्यावा. पुण्याचे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या संस्थांत बाजारातून नाहीशी झालेली पुस्तकेही मिळण्याची शक्यता असते. परदेशी असलेल्या मराठी वाचकांना स्कॅन प्रतींवरच भागवावे लागते; त्या फोनपेक्षा टॅबलेटवर पुष्कळ सुसह्य होतात.

शेवटची पायरी: क्रम, आणि सोडण्याचा नियम

पहिले पुस्तक असे घ्यावे की जे दोन-तीन बैठकांत संपेल. पुष्कळ जण यासाठी स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची दहा प्रकरणांची गोष्ट सुचवतात. मी सुचवत नाही, कारण तिचे सगळे रहस्य शेवटच्या प्रकरणांत उलगडते आणि ते रहस्य आज पुस्तक न वाचलेल्यालाही पाठ असते. त्याऐवजी 'द इन्व्हिजिबल मॅन' किंवा 'बास्करव्हिल्स' घ्यावे. दुसरे पुस्तक मध्यम लांबीचे आणि सरळ रेषेत धावणारे असावे. येथे व्हर्नचे ऐंशी दिवस चपखल बसते, आणि मराठी वाचकाला त्यात एक जादा गंमत मिळते: फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी मुंबईत उतरतो, त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो व मार खाऊन अनवाणी पळतो, आणि पुढे बऱ्हाणपूरला नवी पादत्राणे विकत घेतो. तिसऱ्या क्रमांकावर 'द मूनस्टोन' किंवा 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ठेवावे आणि बाराशे पानांना त्यानंतरच हात घालावा.

सोडण्याचा नियम आधीच ठरवलेला बरा, म्हणजे सोडताना अपराधी वाटत नाही. मी एकूण प्रकरणांचा पाचवा हिस्सा वाचतो. तोपर्यंत तिसऱ्या पायरीतल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवेसे वाटत नसेल, तर पुस्तक परत करावे. वाटत असेल पण वाचन पुढे सरकत नसेल, तर दोष आवृत्तीचा आहे का ते तपासून दुसऱ्या अनुवादाची दहा पाने वाचून पाहावीत. लांब कादंबरी एका दमात संपवण्याचा हट्टही धरू नये. या कादंबऱ्यांचे पहिले वाचक त्या महिनोन्‌महिने तुकड्यातुकड्यांनी वाचत होते, आणि हप्त्यांच्या मधल्या काळात पुढे काय होईल यावर तर्क लढवत होते. 'मॉन्टे क्रिस्टो' रोज दोन प्रकरणांच्या हिशोबाने वाचली तर दोन महिन्यांत होते. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केली, तर वर्ष संपता संपता एकशे सतरावे प्रकरण हातात येते.